शिष्य व्हावे, शिष्य घडू द्यावे

'शिष्य' हा शब्द मराठी घरांना नवा नाही. ज्ञानदेव हे निवृत्तिनाथांचे धाकटे भाऊ आणि शिष्यही. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांना गुरूचा उपदेश स्वप्नात मिळाला. गवयाच्या मागे बसून तंबोरा छेडणारा, तालमीत वस्तादाच्या पाया पडून मातीत उतरणारा, कीर्तनकाराच्या मागे टाळ धरून उभा राहणारा, हे सगळे शिष्यच. या सर्वांत एक गोष्ट सारखी असते. शिष्य नुसती शिकवण ऐकून घडत नाही. तो गुरूजवळ राहून, त्याचे उठणे-बसणे पाहून, त्याच्या मागोमाग चालून घडतो.

ख्रिस्ती धर्मातही हा शब्द अगदी मध्यभागी आहे. नव्या करारात शिष्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा सरळ अर्थ 'शिकणारा' असा आहे. गालील सरोवरावर जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना येशूने बोलावले, तेव्हा त्यांची परीक्षा घेतली नाही की त्यांच्याकडून काही पाठ म्हणून घेतले नाही. आपल्या मागे येण्यास सांगितले, एवढेच. पुढे ते त्याच्याबरोबर जेवले, चालले, चुकले, घाबरून पळाले आणि परतही आले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी याच माणसांवर एक काम सोपवले आहे. जगभरच्या लोकांनाही शिष्य करावे, असे ते काम.

म्हणजे ख्रिस्ती माणसापुढे दोन कामे येतात. स्वतः शिष्य म्हणून जगायचे आणि दुसऱ्याला शिष्य होण्यास मदत करायची. पहिले अवघड आहेच, पण दुसरे त्याहून नाजूक. कारण तेथे दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न येतो. मदत कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते? आणि ते दुसरे माणूस परके नसून स्वतःची पत्नी असेल, तर?

हा प्रश्न पुस्तकी नाही. महाराष्ट्रातील एका घराने तो प्रत्यक्ष भोगला आणि त्याचे उत्तरही शोधले. ते घर म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक यांचे.

रेल्वेच्या डब्यातील भेट

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आईकडून त्यांना कवितेचे वेड मिळाले. नाशकात त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, पण पाय एका जागी ठरत नसत. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी ग्रंथांच्या संपादनाचे काम. देशावर त्यांचे प्रेम होते. जातिभेदाने पोखरलेला समाज कोणत्या बळावर उभा राहील, हा विचार त्यांना सतत छळत असे.

१८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे निघाले ते धर्मावरून नव्हे, तर संस्कृत काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना 'नवा करार' भेट दिला, तो वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम करावे, दान गाजावाजा न करता द्यावे, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळापूर्वी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहावे, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना.

या प्रसंगात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. समोरच्याच्या आवडीचा विषय काढला, त्याच्या विद्वत्तेचा मान राखला, एक पुस्तक हाती दिले आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा सर्वांत मोठा कवी या भेटीतून मिळाला.

घर दुभंगले

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही झाली चरित्रातली एक ओळ. पण त्याच दिवशी एक घर दुभंगले.

लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातला. त्यांच्या वडिलांचे सोवळे एवढे कडक की, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे! अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे शिक्षण नाही. नवऱ्याच्या लहरी स्वभावाने संसार कधी या गावी, कधी त्या गावी. पदरी लहानगा दत्तू. आणि आता नवरा धर्म सोडून गेला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज समजणे कठीण आहे. नवरा जिवंत असूनही त्याच्या घरी जाता येत नाही, गेले तर माहेर, नातेगोते, देवघर सारे तुटते. न जावे तर ना सवाष्ण, ना विधवा अशी अवस्था.

लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. काही काळ त्या पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. दुःखाने त्या अर्ध्या झाल्या, पण त्याच दिवसांत त्याही कविता रचू लागल्या.

इकडे टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवू लागले. ते स्वतः शिष्य झाले होते. ज्या माणसाला आपल्याबरोबर घ्यावे, असे सर्वांत जास्त वाटत होते, तेच माणूस दूर राहिले होते. वक्तृत्व भरपूर होते, शास्त्रार्थात कोणाला हार जाणारे ते नव्हते. पण पत्नीचे मन वादात जिंकण्याची वस्तू नव्हती. पत्रे लिहिणे आणि वाट पाहणे, एवढेच त्यांच्या हाती उरले.

वेगळी चूल

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती पंडित, आणि बायको त्याने शिवलेले पाणी पीत नाही! मिशनच्या वसाहतीत हा प्रकार कित्येकांना चमत्कारिक वाटला असेल. टिळकांनी मात्र तो मान्य केला. शिष्य करण्याची घाई असलेल्या माणसाने पहिला घाव त्या वेगळ्या चुलीवरच घातला असता.

टिळक काही संत नव्हते. त्यांचा राग भयंकर होता आणि लक्ष्मीबाईंनी तो 'स्मृतिचित्रे'मध्ये जराही झाकलेला नाही. घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन यायचे, प्रपंचासाठी ठेवलेले पैसे एखाद्या गरजूच्या हातावर ठेवून मोकळे व्हायचे, हे नेहमीचेच. पण त्याच माणसाचे दुसरे रूपही त्या रोज पाहत होत्या. महार-मांग म्हणून ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या पंक्तीला हा ब्राह्मण सहज बसत होता. दुष्काळाने पोरकी झालेली मुले या घरात आणली जात होती. प्रवचन न ऐकताही हे दिसत होते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात जातीबद्दल विचार सुरू झाले. कोणी पुस्तक दिले म्हणून नव्हे, की नवऱ्याने समजावले म्हणून नव्हे. त्या आपल्याशीच तर्क करू लागल्या. माणूस आणि पशू यांतला फरक देवाने केला, तो दिसतो. पण ब्राह्मण आणि शूद्र यांच्या शरीरात असा कोणता फरक आहे? जन्म, आजार, मरण सर्वांना सारखेच. मग हे भेद देवाचे नसून माणसाचे असले पाहिजेत. एकदा हे पटल्यावर त्यांनी तेथल्या तेथे ठरवले की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. वडिलांच्या घरी मीठ धुऊन घेतलेल्या बाईने हे ठरवावे, ही साधी गोष्ट नव्हती.

बाप्तिस्म्याचा निर्णय त्यानंतरचा. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे उलटली होती.

'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांनी मानाचे स्थान मिळवले. १९५० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागोमाग जाते'. नाव वाचून वाटते की, एक पतिव्रता नवऱ्याच्या मागे गेली. पण पुस्तक वाचणाऱ्याला कळते की, ही बाई मागून आली खरी, परंतु स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी आणि प्रत्येक पाऊल तपासून घेऊन आली. म्हणूनच ती पुन्हा मागे फिरली नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम तिनेच केले. त्यातला बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे. जबरीने आणलेले माणूस एवढे ओझे उचलत नाही.

दारातून आत आलेले

टिळकांच्या घराचे दार सदा उघडे असे. त्या दारातून आलेला एक पाहुणा मराठी वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे, तो म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाच्या कवितेने सर्वांना मोहून टाकले आणि तेथेच त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला आणि पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. त्याचे लाड, हट्ट, रुसवे-फुगवे यांनी त्यांच्या आठवणींची कितीतरी पाने भरली आहेत.

ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळे त्या घरातले त्यांचे स्थान तसूभरही कमी झाले नाही. दुसऱ्याला शिष्य करू पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा येथे असते. समोरचा आपल्या वाटेने आला नाही, तर त्याच्यासाठी आपले ताट तसेच वाढले जाते का? जात असेल तर ते प्रेम. नसेल, तर तो नुसता व्यवहार होता आणि समोरच्यालाही ते कळल्यावाचून राहत नाही.

अभंगातून ख्रिस्त

टिळक १९०४ मध्ये रीतसर पाळक झाले. त्यांनी पाहिले की, चर्चमध्ये मराठी माणसे परक्या चालींवर भाषांतरित गीते गात आहेत. शब्द मराठी, पण सूर परका. मग त्यांनी शेकडो गीते रचली, ती अभंगाच्या, ओवीच्या, भजनाच्या वळणाची. ख्रिस्ती कीर्तने केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती आणि ती सांगण्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी-तबल्यावर त्यांची भजने ऐकू येतात.

याचाही शिष्यत्वाशी जवळचा संबंध आहे. गुरूच्या मागे जायचे म्हणजे आपली भाषा, आपले संगीत, आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या टाकून द्यायच्या, असा समज त्या काळी दोन्ही बाजूंनी होता. हिंदूंना वाटे, हा आपल्यातून गेला. काही मिशनऱ्यांना वाटे, हा अजून पुरता आपल्यात आला नाही. टिळकांनी आपल्या उभ्या आयुष्याने दोघांनाही उत्तर दिले.

देवाचा दरबार

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळकांनी आणखी एक धाडस केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. प्रपंचाची काळजी अर्थातच पुन्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

दरबाराची कल्पना त्या काळाच्या मानाने फार पुढची होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथे भाऊ-बहीण म्हणून एकत्र यावेत, ही तिची मुख्य गोष्ट. समाजाच्या भीतीने, घरच्यांच्या मायेने किंवा आणखी कशाने ज्यांना बाप्तिस्मा घेणे जमले नाही, पण ज्यांचे मन त्या गुरूपाशी आहे, त्यांना बाहेर का ठेवावे, असा टिळकांचा प्रश्न होता. चर्चच्या नोंदवहीतले नाव आणि शिष्यत्व या दोन गोष्टी एकच नाहीत, हे ते सांगू पाहत होते. अनेकांना हे रुचले नाही. आणि टिळकांना वेळही फार मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

पण बी वाया गेले नाही. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्रींवर टिळकांच्या विचारांचा खोल प्रभाव पडला. त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी नगरला 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला होता. भारतीय आणि युरोपियन यांनी एका छपराखाली, भारतीय पद्धतीने, साधेपणाने राहावे, असा तो आश्रम होता. कोण कोणाला शिकवायला आले होते आणि कोण कोणाकडून शिकले, हे येथे पाहण्यासारखे आहे. खरा शिष्य जन्मभर शिकणाराच राहतो. शिकवण्याचे पद मिळाले म्हणून त्याचे शिकणे थांबत नाही.

आजच्या घरांसाठी

टिळकांच्या काळाला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. आज मराठी ख्रिस्ती समाज नगर, जालना, वसई, मुंबई, पुणे असा सर्वत्र आहे आणि त्यातील बहुसंख्य लोक जन्माने ख्रिस्ती आहेत. त्यांच्या घरी हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. वसईच्या घराघरांत संध्याकाळी सारे कुटुंब मिळून रोझरी म्हणण्याची रीत आहे. लहानपणी गुडघे टेकून बसणारे मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की, उठून बाहेर जाऊ लागते. आई चिडते, वडील धाक दाखवतात. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, तरी मूल शिष्य झाले का?

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांचाही नाही. वारीला जाणाऱ्या आजोबांना नातवाने माळ घालावी, असे वाटते. नमाजाला मुलाने बरोबर यावे, असे एखाद्या बापाला वाटते. सासूला वाटते, सुनेने घरातले कुळाचार सांभाळावेत. आपल्याला जे अमृत वाटते, ते आपल्या माणसाने चाखावे, ही इच्छा चुकीची नाही. ती प्रेमातूनच येते. चूक होते ती घाई करण्यात आणि हट्ट धरण्यात.

टिळकांच्या घराची गोष्ट अशा वेळी उपयोगी पडते. पहिली गोष्ट अशी की, आपण ज्याच्या मागे जातो म्हणतो, त्याच्या मागे खरोखर जात आहोत का, हे आधी पाहावे. मुले प्रार्थनेचे शब्द कमी ऐकतात. प्रार्थनेवरून उठल्यावर बाप मोलकरणीशी कसा बोलतो, आई शेजारणीविषयी काय बोलते, हे मात्र ती नेमके ऐकतात.

दुसरी गोष्ट, आपले दोष लपवू नयेत. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा राग पाहिला, विसराळूपणा पाहिला, आणि तरीही त्यांना तो ज्याच्या मागे चालला होता, त्याची ओढ लागली. गुरू निर्दोष असेल, शिष्य नसतो. चुकल्यावर मुलाची क्षमा मागणारा बाप दहा प्रवचनांचे काम करतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. वेगळी चूल सोसावी. मुलगा, मुलगी, पत्नी, पती आपल्या विश्वासाच्या बाहेर उभे असतील, तर त्यांना तेथे मानाने उभे राहू द्यावे. त्यांच्या प्रश्नांना उर्मटपणा म्हणू नये. बोलणे बंद करणे, खर्चाचे पैसे अडवणे, 'माझे मेलेले तोंड पाहशील' अशा शपथा घालणे, यांनी माणूस गुडघे टेकतो, पण मन उभेच राहते.

आणि शेवटची गोष्ट, फळाचा हिशेब मांडू नये. लक्ष्मीबाई आल्या, बालकवी आले नाहीत. टिळकांच्या घराने दोघांनाही सारखीच माया दिली. रेल्वेतील त्या गृहस्थांनी पुस्तक दिले आणि ते उतरून गेले. येशूने शेवटच्या रात्री बारा शिष्यांचे पाय धुतले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. त्या बारांत त्याला पकडून देणारा यहूदाही होता. आपल्याला काय मिळणार हे ठाऊक असूनही त्याचे पाय वगळले गेले नाहीत.

दुसऱ्याला शिष्य करणे आपल्या हातात नसते. दार उघडे ठेवणे, दिवा तेवत ठेवणे आणि आपण स्वतः त्या वाटेवर चालत राहणे, एवढे असते. मागून पावले वाजली, तर आनंद मानावा. नाही वाजली, तरी चालणे थांबवू नये आणि दारही लावून घेऊ नये.